पुलावर आडवी बस

नववीच्या वर्गात वस्तुसंग्रहालय भरवायचं ठरलं, त्यामागे इतिहासावरचं प्रेम वगैरे काही नव्हतं. सरांचा घसा बसला होता.

घसा तसा दरवर्षीच बसायचा, पण या वेळी बसला तो उठायचं नाव घेईना. डॉक्टर म्हणाले, बोलणं कमी करा. सर कसेबसे म्हणाले, मी शिक्षक आहे. डॉक्टर म्हणाले, मग शिकवणं कमी करा. सरांना हा सल्ला मनापासून पटला. त्यांच्या नोकरीबद्दल इतक्या वर्षांत कोणी काही उपयोगाचं बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

तर सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘उद्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू आणा. सोबत चिठ्ठी लावा : वस्तू काय, कुठे सापडली, अवस्था कशी.’ आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. मुलं त्यांना मागून ‘सनावळी’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. सुरुवातीला राग यायचा, मग यायचा बंद झाला. रागालाही अंगात जीव लागतो.

दुसऱ्या दिवशी टेबलावर गंजलेलं कुलूप आलं, काटे नसलेलं घड्याळ आलं, कोणाच्या तरी आत्याचा लग्नातला चष्मा आला. एकाने टीव्हीचा रिमोट आणला. “आमच्याकडे सगळं नवीनच असतं सर. त्यातल्या त्यात हा जुना.” सरांनी मान हलवली. त्यांना आता कशाचंच काही वाटत नसे.

मग ‘टाचणी’ आली. ही मुलगी अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून वर्गाने तिला हे नाव दिलेलं. तिच्या हातात काही नव्हतं. मागे एक म्हातारे गृहस्थ होते. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस. शर्टाच्या वरच्या बटणाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली : ‘आजोबा. सापडल्याचे ठिकाण : बाल्कनी. अवस्था : बरी, गुडघे सोडून.’

“ही वस्तू आहे?” सरांनी विचारलं.

“सर, तुम्ही सगळ्यात जुनं म्हणालात. आमच्या घरात यांच्याहून जुनं काहीच नाही. फ्रिज आहे, पण तो मला उचलला नसता.”

“मी स्वतः चालत आलो,” आजोबा म्हणाले. “कुठे ठेवता मला?”

सरांनी टेबलाकडे पाहिलं. मग स्वतःच्या खुर्चीकडे पाहिलं आणि उठले. इतक्या दिवसांत त्यांनी ती खुर्ची तासाच्या मध्यात कोणासाठी सोडली नव्हती.

आजोबा आयुष्यभर बस चालवत होते. चार नंबरची. नदीच्या अलीकडच्या बाजारातून पुलावरून पलीकडच्या वस्तीत, आणि परत. शाळा पलीकडच्या वस्तीतच होती, त्यामुळे मुलांना पूल ठाऊक होता. आता त्यावरून फक्त माणसं आणि सायकली जात. आजोबांनी घसा खाकरला (सरांना त्यांचा हेवा वाटला) आणि सांगायला सुरुवात केली.

तुमच्या आयाही जन्मल्या नव्हत्या तेव्हा, ते म्हणाले, ही अख्खी वस्ती पाडायचं ठरलं होतं. सकाळी पाडापाडीची यंत्रं निघाली. पुढे चार नंबरची बस, मागे यंत्रं. “मी आरशात बघितलं. म्हटलं, असं का? एका हाताने स्टिअरिंग धरलं, गर्रकन वळवली आणि बस पुलावर आडवी लावली. किल्ली काढून खिशात. म्हटलं, आता आणा तुमची यंत्रं.”

वर्ग गप्प होता. इतका, की मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, घाबरून ऑफिसातून धावत आल्या. नववीचा वर्ग गप्प म्हणजे कोणाला तरी काहीतरी लागलंय. त्या दारात उभ्या राहून बघतच राहिल्या. मुलं पुढे झुकून ऐकत होती. सर मात्र कोपऱ्यात, हातातला रिमोट धरून उभे.

तास संपल्यावर बाईंनी सरांना बाजूला घेतलं. “सर, पुढच्या गुरुवारी तपासणीस येतायत. तुम्हाला सांगितलं होतं ना मी?”

सांगितलं होतं. इतिहास मुलांना रंजक वाटत नाही, असं वरच्या लोकांचं मत झालं होतं. तपासणीसांनाही तसंच दिसलं तर पुढच्या वर्षीपासून इतिहासाचे तास ‘जीवनकौशल्य’ या नव्या विषयाला जाणार होते. तो शिकवायला सरच असणार होते. कोणतं कौशल्य, ते मागाहून कळवण्यात येणार होतं.

“हेच ठेवा,” बाई म्हणाल्या. “हे आजोबा, ही बस. तुमचा विषय वाचला म्हणून समजा.”

सर त्या दिवशी घरी गेले तेव्हा त्यांच्या पायांत गोळे आले होते, आणि कशाने ते त्यांना कळेना. तो एक तास सोडला तर दिवसभर ते उभेही राहिले नव्हते. बायको टपाल कार्यालयातल्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांशी बोलून ती घरी फक्त मोजकं आणि नेमकं बोले.

“अहो, म्हणजे तुमचा घसा बसला आणि मुलं शिकायला लागली,” ती म्हणाली. “आणखी काही बसतंय का बघा.”

“विषय जाईल गं.”

“जाऊ दे की. तुम्हीच म्हणता ना, कंटाळलोय.”

“शिकवण्याला कंटाळलोय. इतिहासाला नाही.”

बायकोने त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं आणि गरम पाण्यात मीठ घालून दिलं.

घोळ झाला तो दुसऱ्या दिवशी. एका मुलाने उठून विचारलं, “सर, कालचं ते बसचं खरं होतं का?”

याचं उत्तर द्यायचं तर निदान पाऊण तास बोलावं लागलं असतं. पुरावा म्हणजे काय, साक्ष म्हणजे काय, माणसं सांगतात ते आणि घडतं ते. घसा तेवढा तयार नव्हता. म्हणून सरांनी फळ्यावर तीनच शब्द लिहिले : ‘दुसरा साक्षीदार आणा.’ खाली, जरा विचार करून, ‘साक्षीदाराच्या मागे बोलू नये, समोर विचारावे.’

मुलांनी दुसरा आणला. तिसराही आणला. आठवड्याच्या शेवटी मागचे बाक म्हाताऱ्या माणसांनी भरले. मुलं पुढे दाटीवाटीने बसली. एक आजोबा म्हणाले, त्या दिवशी मी पुलावर होतो. दुसरे म्हणाले, मी पुलाखाली होतो. दोघांचं जमेना, मधली सुट्टी संपली तरी भांडण चाललेलं. खिडकीजवळची जागा कोणाची यावरून दोन आज्या एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. एक गृहस्थ पेन्शनची रांग समजून आत शिरले, चूक कळली तरी उठले नाहीत. “इथे पंखा बरा आहे,” ते म्हणाले. एकांनी हजेरीचा दाखला मागितला. सरांनी तोही दिला. नाही म्हणायला बोलावं लागलं असतं.

या गर्दीत एक आजी होत्या, निवृत्त परिचारिका. त्या शेवटच्या बाकावर विणकाम करत बसत आणि कोणी विचारल्याशिवाय बोलत नसत. त्यांना फारसं कोणी विचारलंही नाही, कारण टाचणीच्या आजोबांपुढे कोणाचं काय चालणार? त्यांची बस रोज नव्याने वळत होती. मागची यंत्रं आधी दोन होती, मग पाच झाली, मग मोजायची सोयच राहिली नाही. शहराच्या माहितीपुस्तिकेत या सगळ्यावर एकच ओळ होती : ‘नागरिकांच्या तीव्र विरोधामुळे ही योजना मागे घेण्यात आली.’

“तो तीव्र विरोध म्हणजे मी,” आजोबा म्हणाले.

बुधवारी शाळा सुटल्यावर टाचणी शिक्षकांच्या खोलीत आली. सर टेबलावर डोकं टेकून बसले होते. तिने दप्तरातून दोरीचं गुंडाळं काढलं आणि सरांच्या डोक्याशेजारी ठेवलं.

“हे काय?”

“पूल आहे सर.”

सरांनी डोकं उचललं.

“ही पहिली गाठ आहे ना, तेवढी पुलाची रुंदी. आम्ही काल मोजली. ही दुसरी गाठ म्हणजे बसची लांबी. डेपोच्या मागे तसलीच एक जुनी बस सडत पडलीय. त्या नर्स आजींनी दाखवली.” तिने दोरी ताणून धरली. पहिली गाठ दोरीच्या अर्ध्यावरही नव्हती. “बस पुलावर आडवी बसतच नाही सर. तिरकीही बसत नाही. कठडे मोडावे लागतील, आणि कठडे जुनेच आहेत, तेही बघितलं.”

सर दोरीकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी फळ्यावर ‘इतिहासाची साधने’ असं लिहून खाली आकडे घातले होते. कोणी कधी दोरी घेऊन आलं नव्हतं.

“हे आणखी कोणाला माहितीये?”

“सगळ्या वर्गाला.”

“आजोबांना?”

“नाही. मागे बोलायचं नाही ना. उद्या समोर विचारणार.”

“उद्या नको,” सर म्हणाले. “परवा विचार.”

“परवा का?”

सरांनी तोंड उघडलं. उद्या तपासणीस आहेत, तुझ्या आजोबांच्या बसवर माझा विषय उभा आहे, ती बस एक दिवस तरी आडवी राहू दे, हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं.

“घसा दुखतोय,” ते म्हणाले.

टाचणीने दोरी गुंडाळली. “बरं सर,” म्हणाली. ‘बरं’ म्हणताना ती कधीच अशी गरीब होत नसे. सरांना ते नीट बघवलं नाही.

गुरुवारी तपासणीस आले. तरुण होते, घाईत होते, आणि आपण घाईत नाही असं दाखवायची त्यांना सवय होती. त्यांनी मागच्या बाकांवरची माणसं बघून विचारलं, “हे पालक का?”

“साधनं,” मोठ्या बाई म्हणाल्या.

आजोबा उठले. त्यांनी त्या दिवशी कोट घातला होता. बस अशी काही वळली की पुढच्या रांगेतल्या मुलाने बाक धरला. यंत्रांचे दिवे, धूर, वस्तीतल्या बायका धावत येतायत, किल्ली खिशात. तपासणीसांनी पेन खाली ठेवलं. “वा,” ते म्हणाले, आणि खरंच म्हणाले. “याला म्हणतात शिकवणं. मी हा तास सगळ्या शाळांना नमुना म्हणून पाठवणार. फक्त शेवटी मुलांनी एखादी घोषणा दिली तर छान होईल.”

मोठ्या बाईंनी सरांकडे असं पाहिलं, जणू सर त्यांचाच मुलगा आहे आणि आताच पहिला आलाय.

“कोणाला काही विचारायचंय आजोबांना?” तपासणीस म्हणाले. म्हणता म्हणता त्यांनी पेनला टोपण लावलंसुद्धा.

वर्गात एकही हात वर झाला नाही. सगळी मुलं टाचणीकडे बघत होती, आणि टाचणी सरांकडे. तिचे दोन्ही हात बाकाखाली होते.

सरांना फक्त मान खाली घालायची होती. तेवढंच पुरलं असतं. मग आयुष्यभर इतिहास शिकवता आला असता. आडव्या बसचा इतिहास, घोषणेसकट. त्यांनी कित्येक वर्षं या वर्गांना बोल लावला होता, की मेल्यांनो, एखादा तरी हात वर करा. आणि आज वर्गात एकच हात वर होणार होता, तर तो त्यांनीच खाली दाबून ठेवलेला.

भयंकर थकवा आला त्यांना. हा विचार तडीस न्यायचाही कंटाळा आला.

“हिला विचारायचंय,” सर म्हणाले. आवाज फाटका निघाला, पण निघाला.

टाचणी उभी राहिली. घरी ती आजोबांना अरेतुरे करायची. “तुम्ही,” ती म्हणाली, आणि आजोबांचा चेहरा तिथेच जरासा उतरला. “तुम्ही बस आडवी लावली म्हणता. पूल एवढा आहे.” दोन मुलांनी दोरीचं एक टोक आणि पहिली गाठ धरली. “बस एवढी आहे.” तिसरा मुलगा दुसरी गाठ धरून मागे जात राहिला, जात राहिला, आणि दाराबाहेर गेला. “मग कशी लावली?”

आजोबांनी दोरीकडे पाहिलं. “तिरकी लावली असेल मग.”

“तिरकीही बसत नाही.”

“तेव्हा पूल मोठा होता.”

“आजोबा.”

शेवटच्या बाकावरच्या नर्स आजींनी सुया खाली ठेवल्या. “अहो, बंद पडली होती ती,” त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. “मी आत होते ना. दर आठवड्याला पडायची तिथेच, चढावर. माझी ड्यूटी बुडाली होती त्या दिवशी.”

आजोबांनी पुढे होऊन दोरी बोटांनी चाचपून पाहिली.

“गिअरबॉक्स,” शेवटी आजोबा म्हणाले, आणि खाली बसले.

तपासणीसांनी घड्याळ बघितलं. “म्हणजे हे सगळं खोटं?”

“नाही नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या, “हा पूर्वार्ध आहे.”

“मुलांसमोर एका ज्येष्ठ माणसाचा असा पंचनामा? आणि निष्पत्ती काय यातून? गिअरबॉक्स?” ते उठले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. आवडलेली गोष्ट हातातून काढून घेतल्यावर वाटतं तसं. बाई त्यांच्यामागून लगबगीने गेल्या. व्हरांड्यात बाईंचा आवाज समजूत घालत लांब लांब गेला.

घंटा झाली. कोणी उठलं नाही.

सर आजोबांसमोरच्या बाकावर जाऊन बसले. त्यांना एक गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि आता विचारायला कोणाचीच आडकाठी नव्हती.

“बंद पडल्यावर पहिलं काय केलंत?”

आजोबांनी मान वर केली. कोणी पुढचं विचारेल असं त्यांना वाटलं नसावं.

“उतरलो. बॉनेट उघडलं. मागे ती यंत्रं येऊन थांबली. दोनच होती. पुलावर बाजूने जायला जागा नाही, तर ते हॉर्न मारत सुटले. माझा पाना निसटला आणि नदीत पडला. नवीन पाना. मी मागे वळून त्या यंत्रवाल्याला शिव्या दिल्या.”

“कसल्या?” मागून एका मुलाने आशेने विचारलं.

“त्या तुला परीक्षेला नाहीत. तर वस्तीतली माणसं पलीकडून बघत होती. त्यांना काय दिसलं, तर बस मध्ये उभी आणि ड्रायव्हर यंत्रवाल्यांच्या अंगावर ओरडतोय. कोणीतरी म्हणालं, बस लावली बघा त्याने. आणि सगळी धावत आली. मी म्हणत होतो, पाना, पाना. कोण ऐकतंय? मला खांद्यावर घेतलं. एकदा खांद्यावर घेतलं की खाली उतरायला जमत नाही हो सर. दुपारी दुरुस्तीवाले आले, तर लोकांनी त्यांना पिटाळून लावलं.”

“मग तेव्हाच खरं का नाही सांगितलं?” टाचणीने विचारलं. ती जवळ येऊन उभी होती. “कोणाला तरी?”

“तुझ्या आजीला सांगितलं होतं. ती म्हणाली, गप्प बसा, लोकांची घरं वाचलीयेत.”

“मग गप्प का नाही बसलात?”

आजोबांनी विचार केला. “गप्प बसवेना,” ते म्हणाले. “म्हणून खोटं बोलत गेलो.” मग नातीकडे न बघता म्हणाले, “आता घरी पण तुम्ही म्हणणारेस का?”

“नाही रे,” टाचणी म्हणाली, आणि त्यांच्या कोटाची बाही सारखी केली. सारखं करण्यासारखं तिथे काही नव्हतं.

मोठ्या बाई परत आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा बघून सरांनी विचारायचं टाळलं, पण बाई सांगायच्या थांबल्या नाहीत.

“इतिहास गेला सर. पुढच्या वर्षीपासून. त्यांनी माझ्यासमोर लिहिलं.” त्या चौकटीला टेकल्या. “तुम्हाला गप्प बसता आलं असतं. महिनाभर तर गप्पच आहात.”

“हो.”

“मग?”

“पोरगी दोरी घेऊन आली होती बाई.”

बाईंनी दोरीकडे पाहिलं. ती अजून वर्गातून दाराबाहेर गेलेली होती आणि बाहेरच्या मुलाने आपली गाठ इमानदारीत धरून ठेवली होती. बाईंनी ती ओलांडली, आत आल्या आणि एका बाकाच्या कडेला टेकल्या. रागवायचं राहून गेलं असावं, किंवा त्याही दमल्या असाव्यात.

तेवढ्यात रिमोटवाला मुलगा उभा राहिला. “सर, पण एक कळलं नाही. बस तर एक-दोन दिवसांत दुरुस्त झालीच असती ना. मग ती यंत्रं परत का नाही आली?”

सरांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी खांदे उडवले. त्यांना हे आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. सरांनी आठवून पाहिलं. पुस्तिकेत नव्हतं. कुठेच नव्हतं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

“मी सांगते,” खिडकीजवळच्या एक आजी म्हणाल्या.

“तिला काय माहिती?” दुसऱ्या म्हणाल्या. आठवड्यातलं त्यांचं हे एकमेकींबद्दलचं पहिलं वाक्य होतं. पुलावरचे आणि पुलाखालचे आजोबा एकदम बोलायला लागले. पेन्शनवाले गृहस्थ म्हणाले की त्या काळी ते नगरपालिकेत शिपाई होते आणि त्या दिवशी साहेबांच्या खोलीत काय झालं हे त्यांना कोणी विचारलंच नाही. मुलांनी माना गर्रकन त्यांच्याकडे वळवल्या.

“एकेक जण,” सर म्हणाले. ते कोणालाच ऐकू गेलं नाही. वर्ष संपायला अजून अवकाश होता, आणि तोवर तास त्यांचाच होता. बायकोला आज लवकर येतो असं सांगून ते निघाले होते. सरांनी एक खुर्ची ओढली आणि पेन्शनवाल्यांच्या समोर जाऊन बसले.